कानातलं गाणं आणि सोळाशे मीटर

मागच्या अंकात भरतीच्या धावण्यावर लिहिताना एक वाक्य सहज टाकलं होतं: 'सरावाला गाणी ऐकणाऱ्यांनी परीक्षेच्या दिवशी काय करायचं ते आधीच ठरवावं.' त्या एका वाक्यावर जेवढी पत्रं आणि व्हॉट्सॲप आले, तेवढे गोळाफेकीवरच्या अख्ख्या लेखाला आले नव्हते. शाळेतून निवृत्त झालो तरी पहाटे अंबाजोगाईच्या ग्राउंडवर भरतीच्या लेकरांसोबत असतो आणि एकादशीला भजनी मंडळात मृदंगावर. तेव्हा या विषयावर दोन्ही बाजूंनी बोलायचा थोडाफार हक्क मला आहे. निवडक पत्रं घेतली आहेत.

"सर, मी गंगाखेडचा. पोलीस भरतीची तयारी करायलो. इअरफोन लावून पळालो की सोळाशेचं टायमिंग पाच-वीस येतं. काढून पळालो की पाच-चाळीस. परीक्षेला फोन आत नेऊ देत नाहीत. काय करू?"

बाळा, आधी हे सांग, दोन्ही वेळा टायमिंग घेतलं कुणी? फोन सोबत असताना तूच बटण दाबतोस आणि फोन नसताना मित्र दाबतो, असं असेल तर दोन-चार सेकंद तिथंच इकडे तिकडे झाले. पण वीस सेकंद काही बोटानं होत नाहीत.

गाण्याचा उपयोग कुठं होतो ते नीट समजून घे. आपलं लक्ष एका वेळी मोजक्याच गोष्टी धरतं. सावकाश पळताना पोटऱ्या, मांड्या, छाती यांच्या तक्रारी बारीक आवाजात असतात. गाणं त्यांना बाजूला सारतं आणि पळणं हलकं वाटतं. वेग वाढून धाप लागली की त्याच तक्रारी एवढ्या जोरात येतात की कानात गाणं चालू असूनही कुणी ते ऐकत नसतं. स्वीडनच्या गुन्नार बोर्ग यांनी श्रम मोजायची ६ ते २० अशी पट्टी केली आहे. धावणाऱ्याला मध्येच विचारायचं, आत्ता किती जड जातंय, आकडा सांग. गाण्यासह आणि गाण्याशिवाय हे अनेकांनी करून पाहिलं आहे. हलक्या आणि मध्यम वेगात गाण्यानं आकडा खाली येतो, जोराच्या वेगात जवळजवळ हलत नाही. तुझं सोळाशे पहिली फेरी संपायच्या आतच जोराच्या वेगात गेलेलं असतं. म्हणजे गाण्यानं तुझा त्रास कमी केला म्हणून वीस सेकंद वाचले, हे मला पटत नाही.

मला संशय आहे तो पहिल्या फेरीवर. पाच-चाळीसवाला मुलगा बहुधा असा पळतो: पहिली फेरी ७० सेकंद, दुसरी ८५, तिसरी ९४, शेवटची ९१. शिट्टी झाली की शेजारचा सुटतो, त्याच्यामागं हाही सुटतो आणि तिसऱ्या फेरीत दोघांचाही घामाघूम पंचनामा होतो. कानात गाणं असलं की पाय गाण्याच्या ठोक्याला धरून राहतात आणि पहिली फेरी आपोआप आवरती होते. तुला दम मिळत नव्हता, आवर मिळत होता. आणि आवर फोनशिवायही शिकता येतो.

पूर्ण वीस गुणांसाठी ५ मिनिटं १० सेकंद लागतात. चारशेच्या ट्रॅकवर म्हणजे फेरीला साडेसत्त्याहत्तर सेकंद. या वेगाला मिनिटाला १८५ च्या आसपास पावलं पडत असतील, तर एका फेरीत २३९ पावलं, एक पाऊल साधारण पावणेदोन मीटरला थोडं कमी. हे आकडे पाठ करायचे नसतात, पायाला कळायला हवेत. त्यासाठी आठवड्यातून दोनदा चारशेच्या सहा फेऱ्या, प्रत्येक ७७-७८ सेकंदांत, मध्ये दोन मिनिटं चालणं. ७२ आली तरी मी रागावतो आणि ८२ आली तरी. या दिवशी इअरफोन घरी. सुरुवातीला ग्राउंडच्या कडेला कुणाला तरी उभं करून दर शंभर मीटरला, म्हणजे एकोणीस-वीस सेकंदांना, ओरडायला सांग. मग हळूहळू ते ओरडणंही बंद कर. बाकीच्या दिवशी सावकाश पाच-सहा किलोमीटर पळताना गाणी खुशाल ऐक.

परीक्षेच्या दिवशी पहाटे चारपासून रांगेत बसवतात, नंबर उन्हात लागतो, छातीला बिल्ला आणि पायाला चिप. फोन बॅगेत, बॅग बाहेर. गेटाच्या आत जायच्या आधी तुझं ते जोशाचं गाणं एकदा ऐकून घे, त्यानं अंगात तरतरी येते आणि त्याला कुणाची हरकत नाही. आत गेल्यावर मात्र शिट्टीनंतरचे पहिले शंभर मीटर तुझ्या मनात एकोणीस सेकंदांचे असले पाहिजेत.

"हे सगळं शहरी फॅड आहे. आष्टी तालुक्यातल्या मांडव्याचा अविनाश साबळे कोणती गाणी ऐकत शाळेत पळत जात होता? (एक जुना कबड्डीपटू, जालना)"

अर्धं मान्य. शाळा सहा किलोमीटरवर, एसटीचा भरवसा नाही, मग पोरगं पळत जातं. पुढं महार रेजिमेंट, सियाचीन, आणि मग २०२४ च्या जुलैमध्ये पॅरिसला तीन हजार मीटर स्टीपलचेस ८ मिनिटं ९.९१ सेकंदांत. चारशे मीटरला सरासरी पासष्ट सेकंद, तेही अठ्ठावीस अडथळे आणि सात वेळा पाण्याची उडी पार करत. या शर्यतीत ठोक्याला धरून पळणाराचं काही खरं नाही. प्रत्येक अडथळ्यापुढं पाऊल लांब-आखूड करावं लागतं, कधी गर्दीमुळं उडीचा पायच बदलावा लागतो. जागतिक ॲथलेटिक्सच्या नियमांतही स्पर्धेच्या मैदानात फोन, रेडिओ, गाण्याचं यंत्र ही बाहेरची मदत धरतात. अमेरिकेच्या संघटनेनं २००७ मध्ये सगळ्याच धावणाऱ्यांवर हेडफोनबंदी घातली होती. हौशी मंडळींनी कटकट केल्यावर ती बक्षिसासाठी पळणाऱ्यांपुरती ठेवली.

उरलेलं अर्धं मात्र मान्य नाही. लंडनच्या ब्रुनेल विद्यापीठातल्या कोस्टास कारागिओर्गिस यांनी या विषयात आयुष्य घातलं आहे. २००९ च्या त्यांच्या प्रयोगात ट्रेडमिलवरच्या माणसांनी गाण्याच्या ठोक्यावर पाऊल टाकलं, तेव्हा ती दमून थांबेपर्यंत सुमारे १५ टक्के जास्त टिकली. हा आकडा जिमच्या भिंतींवर 'गाणं ऐका, १५ टक्के जास्त पळा' असा लावलेला असतो. तो प्रयोग भरभर चालण्याचा होता, पळण्याचा नव्हे, हे तिथं लिहिलेलं नसतं. साबळेच्या पातळीवर याचा उपयोग नगण्य, हे तुमचं खरं. पण या पानाला पत्र लिहिणाऱ्यांतले बहुतेक साबळेच्या पातळीवर नाहीत, मीही नव्हतो.

"मी लातूरची शिक्षिका, वय ४३. हाफ मॅरेथॉनची तयारी करतेय. किलोमीटरला सात मिनिटं लागतात. ग्रुपमध्ये सगळे म्हणतात की मिनिटाला १८० पावलं पाहिजेतच, म्हणून १८० ठोक्यांची गाणी लावते. पोटऱ्या भरून येतात आणि धापही लागते. माझं कुठं चुकतंय?"

ताई, तुमचं नाही, ग्रुपचं चुकतंय.

१८० चा उगम १९८४ चं लॉस एंजेलिस ऑलिम्पिक. जॅक डॅनियल्स या अमेरिकन प्रशिक्षकानं तिथं प्रेक्षकांत बसून धावपटूंची पावलं मोजली आणि लांब पल्ल्याच्या जवळजवळ सगळ्यांची मिनिटाला १८० किंवा त्याहून जास्त भरली. निरीक्षण चोख होतं. पण ती माणसं ऑलिम्पिकच्या शर्यतीत, किलोमीटरला तीन मिनिटांच्या आगेमागे पळत होती. वेग वाढला की पावलांची संख्या थोडी वाढतेच. तुम्ही सात मिनिटांनी पळताना १८० पाडायला गेलात, तर पाऊल ऐंशी सेंटिमीटरच्याही खाली येतं आणि तुम्ही जागच्या जागी टुकटुक उड्या मारू लागता. पोटऱ्या भरणार नाहीत तर काय होईल?

आधी तुमची स्वतःची संख्या काढा. अंग गरम झाल्यावर, सपाट रस्त्यावर, गाणं बंद ठेवून, अर्धा मिनिट फक्त उजवा पाय किती वेळा टेकतो ते मोजा आणि चारनं गुणा. एक्केचाळीस आले तर १६४. तुमच्या वेगाला हे अगदी रास्त आहे. सरावलेला माणूस स्वतःहून जे पाऊल निवडतो ते त्याला सगळ्यात कमी खर्चाच्या पावलाच्या जवळच असतं, हे कॅव्हनाग आणि विल्यम्स यांनी १९८२ मध्येच प्राणवायूचा खप मोजून दाखवलं आहे.

मग संख्या वाढवायचीच नाही का? गुडघा दुखत असेल किंवा टाच शरीराच्या फार पुढं पडत असेल, तर वाढवावी. २०११ मध्ये हायडरशाइट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याच वेगाला पावलांची संख्या पाच ते दहा टक्के वाढवली, तेव्हा गुडघ्यावर आणि खुब्यावर येणारा भार कमी झाला. १६४ चे पाच टक्के म्हणजे आठ. जायचं तर १७२ पर्यंत, तेही महिन्याभरात. १७२ ठोक्यांचं गाणं शोधत बसू नका. ८६ ठोक्यांचं घ्या आणि एका ठोक्याला दोन पावलं टाका, मराठी-हिंदी गाण्यांत ८० ते ९० च्या लयीची वाट्टेल तेवढी सापडतात. तेही पळण्याच्या मधल्या दहा मिनिटांपुरतं, नंतर गाणं बंद करून पाय तिथंच राहतो का ते बघा.

तुम्ही विचारलं नाही, तरी सांगतो. गाणं शरीराच्या तक्रारी दाबतं, हे वरच्या पत्रात लिहिलं. डिसेंबरमध्ये तो फायदा असतो. एप्रिल-मेमध्ये आपल्याकडं सकाळी सातलाच ऊन चावायला लागतं, आणि तेव्हा डोकं हलकं होणं, अंगावर काटा येणं, घाम आटणं या तक्रारी ऐकू येणं फार गरजेचं असतं. होळी झाली की जूनच्या पावसापर्यंत लांब पळण्याच्या दिवशी कान मोकळे ठेवा. साडेपाचच्या आत निघा. त्या दिवसांत सात मिनिटांऐवजी साडेसात लागली तरी लागू द्या, पावलांची लय तीच ठेवून पाऊल आखूड करा.

"नांदेडला शिकतो, तबल्याच्या विशारदची तयारी चालू आहे. रोज पाच किलोमीटर पळतो. कोणता ताल धरून पळावं? लय किती ठेवावी? माझे गुरुजी म्हणतात, असल्या गोष्टीला ताल लावू नको."

गुरुजींचा मान ठेवून सांगतो, बाबा, ताल लाव. या पत्रानं माझी सकाळ चांगली गेली.

लेहऱ्याचं ॲप (तालासाठी एकच धून फिरवत ठेवणारं) उघड, मिनिटाला ८४ मात्रांची, म्हणजे ठोक्यांची, लय लाव, आणि केहरवा दुगुनीत म्हण: धागे, नाति, नक, धिन. एका मात्रेत दोन अक्षरं आणि एका अक्षराला एक पाऊल. मिनिटाला १६८ पावलं झाली. एका आवर्तनाची, म्हणजे तालाच्या एका फेरीची, आठ पावलं, आठ सम संख्या, म्हणून 'धा' उजव्या पायावर घेतलास तर शेवटपर्यंत उजव्यावरच येणार. आता श्वास त्यात बसव. 'धागे'वर आत, 'नाति'वर बाहेर, 'नक'वर आत, 'धिन'वर बाहेर. चार पावलांना एक श्वास. हे मी मनानं रचलेलं नाही. ब्रॅम्बल आणि कॅरियर या दोन शास्त्रज्ञांनी १९८३ मध्ये धावणारी माणसं आणि चौपायी जनावरं यांच्या श्वासाचा आणि पावलांचा मेळ तपासला. दौडणारा घोडा एका झेपेला एक श्वास घेतो, कारण प्रत्येक झेपेबरोबर त्याची छाती दाबली जाते, त्याला दुसरी सोयच नाही. रिंगणात अश्व समोरून जातो तेव्हा पाहा, नाकपुड्यांचा आवाज टापांबरोबरच येतो. माणूस दोन पायांवर उभा असल्यामुळं मोकळा आहे, त्याला अनेक प्रमाणं जमतात. त्यातलं सगळ्यात जास्त आढळलं ते हेच, डाव्या-उजव्याच्या दोन जोड्यांना एक श्वास. आपला केहरवा.

सावकाश पळायच्या दिवशी केहरव्याचा श्वास घाईचा वाटेल. त्या दिवशी दादरा. धा धी ना वर आत, धा ती ना वर बाहेर, सहा पावलांना एक श्वास, १६८ च्या लयीत मिनिटाला अठ्ठावीस. दादऱ्यात श्वास पुरेनासा झाला आणि आपोआप केहरव्यात गेलास, की समज वेग वाढला. घड्याळ नसलेल्याला हे फार उपयोगी आहे. माझ्या ग्राउंडवरच्या पोरींना ताल माहीत नाहीत, त्यांना मी 'तिनाचा श्वास' आणि 'दोनाचा श्वास' एवढंच सांगतो. आठशेची तयारी करणाऱ्या एकीनं मला विचारलं होतं, शेवटच्या दोनशेला कोणता? शेवटच्या दोनशेला मिळेल तो.

आता तुझ्यासारख्यासाठी खरी गंमत रूपकात आहे. सात मात्रा. एका पावलाला एक अक्षर: ती ती ना, धी ना, धी ना. सात विषम, म्हणून पहिल्या आवर्तनाची सम, म्हणजे पहिली मात्रा, उजव्या पायावर, दुसऱ्याची डाव्यावर, तिसऱ्याची परत उजव्यावर. 'ती ती ना'वर श्वास आत आणि 'धीना धीना'वर बाहेर घेतलास, तर श्वास सोडायची सुरुवातही आळीपाळीनं दोन्ही पायांवर येते. काही प्रशिक्षक विषम पावलांचा श्वास मुद्दाम शिकवतात, कारण एकाच बाजूला कुशीत कळ येणाऱ्यांना त्यानं आराम पडतो असा त्यांचा अनुभव आहे. अनुभव आहे, प्रयोगशाळेचा निकाल नव्हे. पण रूपकची सम 'खाली'वर, म्हणजे रिकाम्या मात्रेवर असते हे मुरलेल्या हातांनाच पेलतं, तुझ्या पायांनाही ते शिकायला हरकत नाही. फक्त एक ध्यानात ठेव. रूपकाच्या एका अक्षराला दोन पावलं टाकलीस, तर आवर्तनाची चौदा पावलं होतात आणि सम परत एकाच पायावर येऊन बसते.

लेहऱ्याच्या ॲपवरच का, भजनाचं रेकॉर्डिंग का नको? कारण भजनात लय चढते. ती चढायलाच हवी, पण ८० वर सुरू झालेला गजर शेवटी ११० ला जातो आणि त्याच्यामागं पळणारा तिसऱ्या किलोमीटरला कठड्यावर बसतो. पाय कानाच्या मागं जातात, हे बेल्जियमच्या घेंट विद्यापीठातल्या २०१५ च्या प्रयोगात दिसलं आहे. धावणाऱ्यांना न सांगता गाण्याची लय थोडी वर-खाली केली, तर तीनेक टक्क्यांपर्यंत पावलं नकळत तिच्याबरोबर सरकली. म्हणून ८४ वरून एकदम ९० वर उडी नको. ८५, मग ८६, प्रत्येकी आठवडाभर. नव्या गोऱ्ह्याला तिफणीला जुंपताना शेजारी जुना बैल देतात तसं हे आहे, चाल शिकेपर्यंत जोडी.

आणि गाण्यातल्या शब्दांचं, सुरांचं काय? ॲम्स्टरडॅममध्ये २०१३ साली धावणाऱ्यांना दमेपर्यंत पळवलं, एकदा शांततेत, एकदा नुसत्या टिकटिकीवर, एकदा त्याच लयीच्या जोशाच्या गाण्यांवर. शांततेपेक्षा दोन्हींत माणसं जास्त टिकली, आणि टिकटिक गाण्याला मागं पडली नाही. गायकांनी रागावू नये, पण इथं तबलजी महत्त्वाचा.

"वय ६७, परळी. शेगावच्या पालखीसोबत पंढरपूरपर्यंत पायी जातो. दिवसाला वीस-पंचवीस किलोमीटर होतात, काही वाटत नाही. घरी आलो की सकाळी एकट्यानं तीन किलोमीटरला कंटाळा येतो, थकवाही येतो. हे काय गौडबंगाल?"

माउली, गौडबंगाल फारसं नाही. पालखीत तुम्ही अभंग म्हणत चालता. ज्याला चालताना ओळ पूर्ण म्हणता येते तो धापेच्या पातळीखालीच असतो. आज डॉक्टर लोक बोलता येतं का ते बघा म्हणून सांगतात, दिंडीत ही परीक्षा दिवसभर चालू असते. ओळ तुटायला लागली की माणूस आपसूक पाऊल आवरतं घेतो. घरी एकटे असताना मात्र तुम्ही तरुणपणीचा वेग काढत असणार, असं मला वाटतं. शिवाय पालखीला विसावे असतात, घरच्या फेरीला नसतात.

दुसरी गोष्ट शेजाऱ्याची. २००९ मध्ये ऑक्सफर्डच्या नौकावल्हवणाऱ्यांवर एक प्रयोग झाला. एकेकट्यानं वल्हवल्यावर आणि तेवढीच मेहनत सगळ्यांनी एका तालात केल्यावर, त्यांची वेदना सोसायची ताकद मोजली. एकत्र केल्यावर ती जास्त निघाली. मेंदूत स्रवणाऱ्या, वेदना दाबणाऱ्या एंडॉर्फिनचा हा परिणाम असावा असं त्यांनी मांडलं. शंभर टाळ एका वेळी वाजतात आणि शंभर पायांच्या जोड्या त्यावर पडतात, तेव्हा काय होत असेल ते तुम्ही मला सांगायचं.

तेव्हा घरी चालताना दोन सोबती घ्या आणि हरिपाठ म्हणा, मोठ्यानं. टाळ नेलेत तरी चालेल, कॉलनी काय म्हणायचं ते म्हणो. मात्र थकव्यासोबत छातीत दडपण, डाव्या हाताला कळ किंवा पायावर सूज असेल, तर हे उत्तर बाजूला ठेवून आधी ईसीजी काढून या.

"माझी मुलगी पहाटे अंधारात औशाच्या रस्त्यावर कानात बोंडं घालून पळते. ऐकत नाही. तुम्ही सांगा."

ताई, हे तिला वाचायला द्या. नोव्हेंबर ते मार्च त्या रस्त्यावर उसाचे ट्रॅक्टर असतात. मागं दोन ट्रॉल्या, त्यांना दिवा नाही, ऊस दोन्ही बाजूंनी हातभर बाहेर, आणि ड्रायव्हरनं रात्र काढायला टेप फुल आवाजात लावलेला. त्याला तू ऐकू येत नाहीस आणि तुला तो. दोघांच्या गाण्यांत मधे तू चिरडली जाशील. उजव्या कडेनं, समोरून येणारी गाडी दिसेल असं पळायचं. अंगावर चमकणारी पट्टी. गाणं हवंच असेल तर गालाच्या हाडावर बसणारे इअरफोन मिळतात, कान मोकळा राहतो, पण तेही ग्राउंडवर, रस्त्यावर नाही. आणि पहाटेची कुत्री मागून येतात, त्यांचा आवाजही कानातच ऐकावा लागतो.

"आमच्या वसमतकडच्या गावात हलगीवाले चांगले आहेत. पोरं पळताना ग्राउंडवर हलगी वाजवली तर चालेल का?"

नुसतं चालेल काय, मला बोलवा. कानातल्या गाण्यापेक्षा हे केव्हाही चांगलं, सगळ्यांना एकच ठोका आणि फोन कुणालाच नको. हे जुनंही आहे. न्यूयॉर्कमध्ये सहा दिवसांच्या सायकल शर्यती व्हायच्या, तिथं लिओनार्ड एअर्स या संख्याशास्त्रज्ञानं १९११ मध्ये मोजून दाखवलं की बँड वाजत असताना सायकलवाले बँड बंद असतानापेक्षा वेगानं जात होते. गाणं आणि खेळ यावरच्या अगदी पहिल्या अभ्यासांपैकी तो एक. १९९८ मध्ये इथिओपियाच्या हायले गेब्रसेलासीनं बर्मिंगहॅमला बंदिस्त मैदानात दोन हजार मीटरचा विश्वविक्रम केला, तेव्हा त्याच्या आवडीचं नाचाचं गाणं मैदानाच्या भोंग्यावर लावलं होतं. पायाला जुळणारी लय म्हणून त्यानंच ते निवडलं होतं.

हलगीवाल्याला मात्र आधी बसवून समजवा. त्याची सवय मिरवणुकीची, समोर माणूस नाचायला लागला की हात चढतो. तुम्हाला चढणारा हात नको. मोबाइलवर ८४ ची टिकटिक त्याच्या एका कानात द्या आणि सांगा, पोरं कितीही ओरडली तरी याच्या पुढं जायचं नाही. दहा मिनिटं वाजवायचं, पाच मिनिटं थांबायचं, आणि त्या पाच मिनिटांत पोरांनी तीच लय न ऐकता राखायची. परत वाजायला लागल्यावर कोण मागं राहिलं, कोण पुढं गेलं ते लगेच दिसतं. परीक्षेच्या आधीचे पंधरा दिवस हलगी पूर्ण बंद.

चामड्याची हलगी असेल तर थंडीत तापवायला जाळ लागेल. तो ट्रॅकच्या बाहेर आणि वारा कुठून येतो ते बघून पेटवा, मागं एका गावात धूर सरळ दुसऱ्या वळणावर जात होता आणि पोरं तिथं पोचली की खोकत होती.